पूर्वअट म्हणून मानव्यविद्या : व्यवस्थापनशिक्षणातील एका तडजोडीची समीक्षा

१

वाणिज्य अथवा व्यवस्थापन या शाखेत प्रवेश मिळविण्यापूर्वी विद्यार्थ्याने भाषा, वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान यांपैकी काही विषयांचे अभ्यासक्रम पुरे केलेले असावेत, अशी अट अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी दीर्घकाळ पाळली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वाणिज्यविद्यालयाचे उदाहरण या दृष्टीने घेण्यासारखे आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या आणि आज हास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यालयात पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अनेक दशके पहिली दोन वर्षे इतरत्र काढल्यावरच प्रवेश मिळत असे. त्या दोन वर्षांत गणित, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याबरोबर वाचन-लेखनाचे अभ्यासक्रम पुरे करावे लागत. शिवाय पदवीसाठी सात क्षेत्रांतील अभ्यासक्रमांची जोड देणे आवश्यक असे. कला व वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान व मूल्ये, आंतरराष्ट्रीय अभ्यास, सामाजिक व वर्तनविषयक शास्त्रे, जीवशास्त्रे आणि भौतिक शास्त्रे ही ती सात क्षेत्रे होत. २०२४ पासून या विद्यालयाने पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थी घेण्यास प्रारंभ केला आहे. प्रवेशाची पद्धत बदलली, परंतु अशा अटींमागील प्रश्न मात्र मिटलेला नाही.

तो प्रश्न असा : एखादी विद्या दुसऱ्या विद्येच्या दाराशी उभी केली म्हणजे तिचे काय होते? अट घालणाऱ्यांचा हेतू उदार असतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. व्यापारी हा केवळ हिशेबनीस राहू नये, त्याला माणसांची, भूतकाळाची व भाषेची जाण असावी, ही इच्छा स्वागतार्हच आहे. तथापि ज्या क्षणी ही इच्छा पूर्वअटीचे रूप घेते, त्या क्षणी विद्यार्थ्याच्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहतो. यातील कोणता अभ्यासक्रम घेतला असता अट सर्वांत कमी श्रमात पुरी होईल आणि गुणांची सरासरीही खाली येणार नाही? या प्रश्नाबद्दल विद्यार्थ्याला दोष देण्याची आपल्याकडील अध्यापकवर्गाची सवय जुनी आहे. वस्तुतः हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आळसातून जन्मलेला नसून अटीच्या रचनेतूनच जन्मलेला आहे. ज्या वस्तूचे प्रयोजन तिच्या पलीकडे ठेवले जाते, ती वस्तू शक्य तितक्या स्वस्तात मिळविणे हा व्यवहारबुद्धीचाच भाग होय. व्यवहारबुद्धी शिकविण्यासाठी स्थापन झालेल्या विद्यालयाच्या उंबरठ्यावर विद्यार्थ्याने ती वापरू नये, अशी अपेक्षा धरणे विसंगत आहे.

प्रस्तुत लेखात या पूर्वअटीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले गेले त्यांचे परीक्षण करावयाचे असून, त्या परीक्षणाच्या आधारे विद्यार्थ्याने विषयांची निवड कोणत्या कसोटीवर करावी व मानव्यविद्यांच्या विभागांनी कोणते पथ्य पाळावे, याचा विचार करावयाचा आहे.

२

अमेरिकेत व्यापारशिक्षणाने विद्यापीठात प्रवेश केला तो तीन निरनिराळ्या वाटांनी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून १८८१ साली व्हार्टन विद्यालय स्थापन झाले. पदवीपूर्व शिक्षणाच्या अंतर्भागातच त्याला जागा मिळाली आणि अशा रीतीने व्यापारविषयक अभ्यास व उदार विद्या यांचा शेजार निर्माण झाला. १९०० साली डार्टमथ महाविद्यालयात टक विद्यालय निघाले. तेथे विद्यार्थी तीन वर्षे सामान्य महाविद्यालयीन अभ्यास करून पुढील दोन वर्षे व्यापारप्रशासनाचे शिक्षण घेई, म्हणजे उदार शिक्षण ही येथे पायरी होती. १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने सुरू केलेल्या विद्यालयाने संपूर्ण पदवी हीच प्रवेशाची अट ठरविली. ही तिसरी वाट कुंपणाची म्हणता येईल. कुंपणाच्या अलीकडे विद्यार्थ्याने काय वाचले याची चौकशी न करता, त्याने काहीतरी पुरे केले आहे एवढेच पाहिले जाऊ लागले.

शेजार, पायरी व कुंपण या तीन रचनांतील भेद केवळ वर्षांच्या वाटणीचा नाही. शेजारात दोन विद्या एकमेकींना प्रश्न विचारू शकतात. प्रत्यक्षात त्या तसे करतीलच असे नाही, परंतु शक्यता शिल्लक असते. पायरीच्या रचनेत एक विद्या आधी येते व दुसरी नंतर, आणि नंतरची विद्या आधीच्या विद्येकडे मागे वळून पाहत नाही. कुंपणाच्या रचनेत तर आधीच्या विद्येचे नाव विचारण्याचीही गरज उरत नाही. पुढे जगभर व्यवस्थापनाचे जे पदव्युत्तर शिक्षण पसरले, ते बहुतांशी या तिसऱ्या नमुन्यावर बेतलेले आहे. आपल्या देशातील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्या पदवीत किमान पन्नास टक्के गुण असावेत आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांना पंचेचाळीस टक्के असले तरी पुरे, एवढीच अट आहे. संस्कृतातील पदवीधर व यंत्र-अभियांत्रिकीतील पदवीधर या दोघांना हे दार सारखेच उघडे आहे. ही समता वरकरणी मोठी दिसते, परंतु तिच्या मुळाशी आदर आहे की उदासीनता, हे तपासून पाहावे लागेल.

३

अमेरिकेतील व्यापारशिक्षणाच्या इतिहासात १९५९ हे वर्ष निर्णायक मानले जाते. त्या वर्षी दोन मोठे अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पहिला रॉबर्ट गॉर्डन व जेम्स हॉवेल यांचा असून तो फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने सिद्ध झाला. दुसरा फ्रँक पिअर्सन यांचा असून त्याला कार्नेगी निधीचे साहाय्य होते. दोहोंचा सूर एकच होता. व्यापारविद्यालयांत अतिसंकुचित, धंदेवाईक विषयांची बेसुमार वाढ झाली आहे, अध्यापनाला शास्त्रीय बैठक नाही, आणि विद्यार्थ्याची बौद्धिक जडणघडण दुर्लक्षित राहिली आहे, असे त्यांचे निदान होते. चार वर्षांच्या पदवीपूर्व अभ्यासापैकी निदान निम्मा भाग व्यापारेतर, सामान्य शिक्षणाला द्यावा, अशी गॉर्डन व हॉवेल यांची शिफारस होती. व्यापारविद्यालयांच्या संघटनेचा तत्कालीन दंडक चाळीस टक्क्यांचा होता, हे लक्षात घेता ही मागणी लहान नव्हती.

हे अहवाल मानव्यविद्यांचे कैवारी म्हणून आजही उल्लेखिले जातात. परंतु ते नीट वाचणाऱ्यास त्यातील एक ताण दृष्टीस पडल्याशिवाय राहत नाही. अहवालकर्ते तिघेही अर्थशास्त्रज्ञ होते. व्यापारशिक्षणाचा उद्धार कशाने होईल, याविषयी त्यांची खरी श्रद्धा गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्रीय विश्लेषण आणि वर्तनशास्त्रे यांवर होती. या विषयांबाबत बोलताना ते व्यवस्थापनातील कोणत्या प्रश्नावर कोणते शास्त्र कसा प्रकाश टाकील, हे स्पष्ट करतात. मानव्यविद्यांकडे वळल्यावर मात्र त्यांची भाषा सामान्य होते आणि दृष्टीची व्यापकता, अभिव्यक्तीची सफाई, मूल्यांची जाण अशा सर्वमान्य गुणांची नावे पुढे येतात. व्यवस्थापनातील कोणता प्रश्न इतिहासावाचून कळणारच नाही, किंवा कोणता निर्णय वाङ्मयाच्या वाचनाने निराळा होईल, हे ते सांगत नाहीत. म्हणजे शास्त्रांना काम नेमून दिले गेले, आणि मानव्यविद्यांना तास नेमून दिले गेले.

या भेदाचा परिणाम पुढील काळात दिसून आला. फोर्ड प्रतिष्ठानाच्या आर्थिक पाठबळाने व्यापारविद्यालयांचे शास्त्रीकरण झपाट्याने झाले. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित या विषयांचे पंडित या विद्यालयांच्या अध्यापकवर्गात आले, त्यांनी संशोधनाच्या पद्धती आणल्या आणि नियतकालिके चालविली. मानव्यविद्यांच्या वाट्याला मात्र दाराबाहेरची जागा आली. त्यांचे तास राखले गेले, पण त्यांचा अध्यापक आत आला नाही. एखाद्या विद्येला अभ्यासक्रमात किती श्रेयांक मिळाले यावरून तिचे स्थान ठरविणे किती भ्रामक आहे, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. पुढे अर्थशास्त्राने व्यापारविद्यालयांवर जो पगडा बसविला, त्याची चिकित्सा राकेश खुराना यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली आहे. व्यवस्थापनाला एक सेवाभावी व्यवसाय बनविण्याचे मूळ स्वप्न मागे पडून व्यवस्थापक हा भागधारकांचा भाडोत्री हस्तक कसा बनला, हा त्या ग्रंथाचा विषय आहे. त्या स्वप्नाचे रक्षण करण्याचे काम मानव्यविद्यांकडे सोपविले होते असे मानले, तर दाराबाहेर बसून ते त्यांना करता येणे शक्यच नव्हते.

४

पूर्वअटीच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन युक्तिवाद केले जातात : मानव्यविद्यांनी अभिव्यक्ती सुधारते, दृष्टी व्यापक होते, आणि नैतिक विवेक जागृत होतो. तिन्हींचा क्रमाने विचार करू.

अभिव्यक्तीचा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा आहे. नेटके पत्र लिहिता यावे, अहवाल सुबोध व्हावा, एवढेच साध्य असेल तर त्यासाठी शोकांतिका किंवा संतवाङ्मय शिकविण्याचे कारण नाही. लेखनाचा सराव व त्यावर कसोशीने केलेली दुरुस्ती एवढे पुरे. भाषा हे विचाराचे केवळ वेष्टन आहे ही समजूत या युक्तिवादाच्या मुळाशी आहे, आणि वाङ्मयाचा कोणताही गंभीर अभ्यासक ती मान्य करणार नाही. 'मनुष्यबळ कमी करणे' आणि 'माणसांना कामावरून काढणे' या दोन शब्दप्रयोगांत सफाईचा फरक नाही. कोण काय पाहण्यास तयार आहे, याचा तो फरक आहे. हा फरक ओळखण्यास शिकविणे हे भाषाध्यापनाचे खरे कार्य होय, आणि ते पत्रलेखनाच्या नमुन्यांतून साधत नाही.

व्यापक दृष्टीचा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे, परंतु त्यातून निघणारी रचना बहुधा उलट परिणाम घडविते. दृष्टी व्यापक व्हावी म्हणून थोडे इकडचे, थोडे तिकडचे अशी वाटणी केली जाते. एक सत्र कलेचा परिचय, एक सत्र जागतिक संस्कृती, एक सत्र तत्त्वज्ञानाची तोंडओळख घेऊन विद्यार्थी प्रत्येक घराच्या ओसरीवर टेकतो, आणि माजघरात कोठेच जात नाही. कोणत्याही विद्येचे वैशिष्ट्य तिच्या दुसऱ्या वा तिसऱ्या अभ्यासक्रमात कळू लागते, कारण माहिती संपून मतभेद सुरू होतात ते तेथे.

नैतिक विवेकाचा युक्तिवाद सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याची कसोटी पाहणारा एक प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९५३ साली पेन्सिल्व्हेनियातील बेल टेलिफोन कंपनीने आपल्या निवडक अधिकाऱ्यांना दहा महिने कामापासून मोकळे करून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मानव्यविद्या शिकण्यास पाठविले. हे अधिकारी बहुतांशी तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. इतिहास, तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय यांचे त्यांनी कसून अध्ययन केले. जेम्स जॉईसच्या 'युलिसिस' सारखी दुर्बोध समजली जाणारी कादंबरीही त्यांच्या अभ्यासात होती. या प्रयोगाचे मूल्यमापन झाले तेव्हा अधिकाऱ्यांचे वाचन वाढल्याचे व बौद्धिक आत्मविश्वास दुणावल्याचे दिसून आले. त्याचबरोबर कंपनीचे हित कुटुंब व समाज यांच्या हितापेक्षा वर ठेवण्याची त्यांची प्रवृत्ती कमी झाल्याचेही आढळले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा उपक्रम बंद पडला.

या प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, मानव्यविद्या निरुपयोगी आहेत हा आक्षेप खोटा आहे. त्यांचा परिणाम झाला, आणि प्रौढ, स्थिरावलेल्या माणसांवर झाला. दुसरी अशी की, तो परिणाम ज्याने खर्च केला त्याच्या इच्छेप्रमाणे होईलच, अशी हमी त्या विद्या देत नाहीत. मानव्यविद्यांचे समर्थन करताना आपण यांपैकी पहिली गोष्ट मोठ्याने सांगतो व दुसरी दडवून ठेवतो. पूर्वअटीच्या भाषेत मानव्यविद्या ही व्यवस्थापनाची दासी म्हणून सादर केली जाते. ती दासीपण निभावील असे वचन तिच्या वतीने आपणच देतो, आणि ते वचन देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

५

मग पूर्वअटीला पर्याय काय? २०११ साली कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने ॲन कोल्बी, थॉमस अर्लिक, विल्यम सलिव्हन व जोनाथन डॉल्ले यांनी पदवीपूर्व व्यापारशिक्षणाचा जो फेरविचार प्रसिद्ध केला, त्यात प्रचलित रचनेला दोन टोकांना जड गोळे असलेल्या व्यायामाच्या दांड्याची उपमा दिली आहे. एका टोकास उदार विद्या, दुसऱ्या टोकास व्यापार, आणि मधे एक बारीक दांडी. अहवालकर्त्यांच्या मते दोन्ही टोके परस्परांत विणली गेली पाहिजेत. विश्लेषण, एकाच प्रश्नाकडे अनेक चौकटींतून पाहण्याची क्षमता, अर्थाविषयीचे चिंतन आणि व्यवहारातील विवेक या चार शक्ती दोन्ही बाजूंच्या अध्यापकांनी मिळून जोपासाव्यात, असे ते सुचवितात. १९५९ च्या अहवालांच्या तुलनेत हे पाऊल निःसंशय पुढचे आहे, कारण तासांची मोजदाद सोडून येथे संबंधाचा विचार झाला आहे. तथापि यातही एक धोका आहे. चार शक्तींची यादी केली की, त्या शक्ती अन्य मार्गांनी मिळाल्या तर मूळ विद्यांची गरज काय, हा प्रश्न उद्भवतो. मानव्यविद्या म्हणजे क्षमतांचे कोठार नव्हे. तिला स्वतःचा विषय आहे, आणि तो विषय गमावला की क्षमताही उरत नाही.

या संदर्भात स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स मार्च यांच्या अध्यापनाचा दाखला अधिक उद्बोधक वाटतो. संघटनाशास्त्रातील एक अग्रगण्य अभ्यासक असलेल्या मार्च यांनी नेतृत्वविषयक अभ्यासक्रम शिकविताना 'ऑथेल्लो', 'सेंट जोन', 'वॉर अँड पीस' आणि 'डॉन किहोते' या कृती पाठ्य म्हणून घेतल्या. किहोतेच्या वाचनातून त्यांनी व्यवस्थापनशास्त्राच्या गाभ्यालाच हात घातला. परिणामांचा हिशेब करून केलेली कृती तेवढी शहाणपणाची, हे त्या शास्त्राचे गृहीत आहे. किहोते मात्र परिणामांकडे पाहत नाही, आपण कोण आहोत या जाणिवेला शोभेल असे तो वागतो. अशा वागण्याला मूर्खपणा म्हणून निकालात काढता येते काय, आणि काढले तर निष्ठा, वचन, सेवा या शब्दांचे काय उरते, हा मार्च यांचा प्रश्न होता. येथे कादंबरी पूर्वअट म्हणून आलेली नाही. ती शास्त्राच्या ऐन माजघरात येऊन त्याच्या गृहीतालाच प्रश्न विचारते. मानव्यविद्या व व्यवस्थापन यांचा खरा संबंध असा असावयास हवा.

६

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले तेव्हापासून वाणिज्यशिक्षण आपल्या परिचयाचे आहे. याच महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकीय अर्थशास्त्राचे अध्यापन केले. त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र व तत्त्वज्ञान यांचाही समावेश होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा १९२३ चा ग्रंथ वाचताना, चलनाचा सिद्धान्त कोठे संपतो व इतिहासाचे परीक्षण कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत इतिहास ही अर्थशास्त्राची पूर्वतयारी नव्हती, तो त्या अर्थशास्त्राचाच तंतू होता. पूर्वअट आणि अंगभूत संबंध यांतील भेद समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पुढे १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. मुंबई विद्यापीठातील जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी राहिली. या सर्वांनी कुंपणाचा नमुना स्वीकारला. आज सामाईक प्रवेशपरीक्षेत वाचन व शब्दज्ञान यांच्या विभागास चाळीस मिनिटे मिळतात. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांवरील उतारे त्यात असतात, आणि उमेदवाराने त्यांवरील प्रश्नांची अचूक उत्तरे निवडावयाची असतात. म्हणजे अमेरिकेत जी अट दोन वर्षांच्या अभ्यासाची होती, ती येथे चाळीस मिनिटांच्या चपळाईची झाली आहे. शिवाय ही परीक्षा इंग्रजीतून होते. मराठी वाङ्मय वा इतिहास मराठीतून तीन वर्षे कसून शिकलेल्या विद्यार्थ्याचे ते अध्ययन पदवीच्या टक्केवारीपलीकडे या दारात मोजले जात नाही. कोणतीही पदवी चालते या समतेच्या मुळाशी आदर आहे की उदासीनता, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. याला काही अपवादही आहेत. इंदूर येथील व्यवस्थापन संस्थेने २०११ साली सुरू केलेल्या पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमात मानव्य व सामाजिक विषयांना पायाभूत वर्षांत स्थान दिलेले आहे. तेथेही शेवटी पायरीचाच नमुना राहतो की शेजाराचा संबंध निर्माण होतो, हे अध्यापनावर अवलंबून राहील.

महाराष्ट्रात मात्र प्रश्न आता नव्या रूपात समोर आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अनुषंगाने राज्यात २०२३ साली आखलेल्या पदवी-आराखड्यात विद्यार्थ्याने काही मुक्त ऐच्छिक अभ्यासक्रम आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावेत, अशी तरतूद आहे. त्यामुळे वाणिज्याचा विद्यार्थी मराठी, इतिहास अथवा तत्त्वज्ञान या विभागांच्या दारी येण्याची शक्यता निर्माण झाली. कला शाखेतील पटसंख्या अनेक महाविद्यालयांत चिंतेचा विषय झालेली असताना या विभागांना ही तरतूद जीवदान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरा धोका येथेच आहे. संख्या हवी म्हणून अभ्यासक्रम सोपा करावयाचा, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आवडावा म्हणून त्याला जाहिरातलेखन, पत्रव्यवहार, निवेदनकौशल्य अशी शीर्षके द्यावयाची, आणि वाङ्मय शीर्षकातून व पुढे पाठ्यक्रमातूनही वगळावयाचे, असा क्रम सुरू झाल्यास विभाग टिकेल, पण विद्या टिकणार नाही. उपयोजित मराठीला आमचा विरोध नाही. त्या विषयाचे स्वतःचे महत्त्व आहे. वाङ्मयाच्या जागी तो देऊन वाङ्मय दिल्याचे समाधान मानण्यास मात्र विरोध केलाच पाहिजे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यासमोर ठेवण्यास आपल्या वाङ्मयात काय नाही? गोविंद नारायण माडगांवकरांचे १८६३ चे 'मुंबईचे वर्णन' हे एका व्यापारी नगरीच्या घडणीचे साक्षीदार आहे. कापसाच्या तेजीने शहराला वेड लावले व पुढे १८६५ साली ते कोसळले, त्याच्या ऐन पूर्वसंध्येचा हा ग्रंथ आहे, हे जाणून तो वाचणे हा एक वेगळाच अभ्यास ठरेल. महात्मा फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार व व्यापारी होते. त्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सारा, कर्ज व कचेरी यांनी नाडलेल्या कुटुंबाचे जे चित्र आहे, ते कोणत्याही ताळेबंदात न दिसणाऱ्या जमाखर्चाचे चित्र आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' मधील कौतिक संसार सावरण्यासाठी जी धडपड करते, तिच्यात टंचाई हा शब्द व्याख्येतून बाहेर येऊन माणसाच्या देहावर उमटतो. या कृती वाणिज्याला उपयुक्त आहेत म्हणून नव्हे, तर वाणिज्याच्या परिभाषेत ज्या गोष्टींना नावच नाही त्यांना त्या नाव देतात म्हणून शिकविल्या पाहिजेत. आणि त्या शिकविताना त्यांची वाङ्मयीनता, म्हणजे निवेदक कोण, तो कोणास उद्देशून बोलतो, काय सांगण्याचे टाळतो, हे प्रश्न सोडून देता कामा नयेत. ते सोडले की उरते ती माहिती, आणि माहितीसाठी इतर साधने पुष्कळ आहेत.

७

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, ज्याच्या पदवीवर कुटुंबाचे कर्ज फिटावयाचे आहे, त्याला अट स्वस्तात पुरी करू नकोस असा उपदेश करण्याचा अधिकार स्थिर वेतन मिळविणाऱ्या अध्यापकास कोणी दिला? आक्षेपातील वेदना खरी आहे. परंतु त्याचा तर्कशुद्ध निष्कर्ष पाहिला तर तो आक्षेपकाच्या विरुद्ध जातो. संपन्न घरातील विद्यार्थ्याला ग्रंथ, प्रवास, संभाषण यांतून मानव्यविद्येचा संस्कार वर्गाबाहेर मिळण्याची सोय असते. ज्याला ती सोय नाही, त्याला ऐच्छिक विषयाचे ते मोजके तास हीच संधी असते. त्या तासांत त्याला पातळ केलेला अभ्यासक्रम देणे म्हणजे त्याच्या गरजेची कणव दाखवून त्याचा हक्क काढून घेणे होय. श्रम वाचविण्याची त्याची इच्छा रास्त आहे. म्हणूनच त्याचे श्रम फुकट जाणार नाहीत, अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

या दृष्टीने विद्यार्थ्याने निवड करताना पाळावयाच्या काही कसोट्या सांगता येतील. शक्य तेथे अभ्यासक्रम विखरून घेण्याऐवजी एकाच विद्येतील दोन किंवा तीन क्रमाने घ्यावेत, म्हणजे ओसरी ओलांडली जाईल. मूळ ग्रंथ जेथे वाचावा लागतो तो अभ्यासक्रम, केवळ टिपणांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा, श्रेष्ठ समजावा. लेखन करावे लागते व त्यावर अध्यापकाची दुरुस्ती मिळते, हे विषयाच्या नावापेक्षा महत्त्वाचे मानावे. निदान एक अभ्यासक्रम स्वभाषेतील वाङ्मयाचा असावा, कारण ज्या समाजात पुढे व्यवहार करावयाचा आहे त्याची मने त्याच्याच भाषेत वाचावी लागतात. आणि अखेरची कसोटी अशी की, आपल्या मुख्य विषयातील एखाद्या गृहीताला या अभ्यासाने धक्का बसतो काय, हे विचारून पाहावे. बसत नसेल, तर निवड सोयीची झाली असेल, पण योग्य झाली असे म्हणता येणार नाही.

विभागांसाठी पथ्य एकच आहे. अन्य शाखेतून आलेला विद्यार्थी हा दुय्यम विद्यार्थी नव्हे. त्याच्यासाठी विषयाची निवड निराळी करावी, परंतु विषयाची प्रत कमी करू नये. ज्येष्ठ अध्यापकांनी हे वर्ग नवोदितांवर सोपवून मोकळे होण्याची प्रथा टाकून द्यावी, आणि वाणिज्याच्या अध्यापकांशी निदान एका पाठ्यग्रंथापुरते तरी संयुक्त अध्यापन करून पाहावे. १९५९ च्या अहवालांनी मानव्यविद्यांना तास दिले व काम दिले नाही, असे वर म्हटले आहे. ते काम कोणते, हे व्यापारविद्यालये सांगतील अशी वाट पाहण्यात आता अर्थ नाही. ते आपणच सांगितले पाहिजे, आणि ते अध्यापनातून सांगितले पाहिजे. असे झाले तर अट राहो वा जावो, दाराशी येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काही तरी देऊ शकू. तसे न झाल्यास अट राहील, तास राहतील, पटावर नावेही राहतील, आणि तरीही विद्यार्थी रिकाम्या हातानेच पुढच्या दाराकडे जाईल.